पाणी दुभागणारा दगड

मित्रांनो, स्पेनमधल्या वालेन्सियाच्या शेतांमधल्या कालव्यात मधोमध रोवलेला टोकदार दगड मी. मला घडवणाऱ्या पाथरवटाचे नावही आता कोणाला ठाऊक नाही. पाणी येते, माझ्या धारेवर दुभंगते आणि दोन पाटांनी दोन गावांना जाते. नदी भरली तर दोघांना भरपूर, आटली तर दोघांना थोडे. न बोलता, न मोजता माझ्याकडून हा न्याय होत आला, याचे मला अजूनही नवल वाटते.

माझ्यावर शेवाळ साचले की पाणी एका अंगाला झुकते. म्हणून दर वसंतात कालवा कोरडा करून मला घासतात. ज्याच्या शेताला सर्वांत शेवटी पाणी मिळते त्यानेच घासायचे, अशी इथली रीत. ते काम जन्मभर सेंतोने केले. मागच्या हिवाळ्यात तो गेला. या वसंतात त्याची मुलगी रोसेर एकटीच उतरली.

त्याच दिवशी काठावर सभा होती. वरच्या संत्र्यांच्या बागांना ठिबकच्या नळ्या बसल्या होत्या. वाचलेले पाणी डोंगराकडच्या नव्या बागांना देऊन, रोसेरच्या खालच्या शेतांकडे जाणारा डावा पाट बुजवायचा बेत होता. त्याला शेवटच्या शेताचा होकार लागे.

"पोरी, हो म्हण," कालव्याचा प्रमुख नेलो म्हणाला. "किती पाणी वाया जातं आपलं!"

"कुठं जातं, नेलोकाका?"

"मुरतं जमिनीत. आणखी कुठं?"

"आणि मुरून आमच्या विहिरींत येतं. तुम्ही सांडायचं, आम्ही प्यायचं. खालची शेतं त्यावरच तर जगली."

"अगदी बापाची जीभ!" कोणीतरी हसले.

रोसेरने माझी एक बाजू घासली होती. तिने घासणी नेलोपुढे धरली. "दुसरी तुम्ही घासा. एकदा शेवटचे होऊन बघा."

"आता या वयात मला चिखलात उतरवतेस?" म्हणत तो उतरला. घासता घासता त्याचा हात माझ्या कडेवरच्या गुळगुळीत खळग्यात अडकला. किती पिढ्यांच्या शेवटच्या हातांनी तो झिजवला होता! नेलोने त्यात आपली बोटे बसवून पाहिली, मग उरलेली बाजू घासून काढली.

वर येऊन तो एवढेच म्हणाला, "पाट बुजवायचा नाही. वाचलेल्या पाण्यातलं आधी खालच्यांना. मग डोंगराचं बघू."

काहीजण चिडून निघून गेले. संध्याकाळी कालव्याचे दार उघडले. पाणी आले, दुभंगले आणि डावीकडेही गेले. रोसेर त्या पाण्याच्या कडेने चालत राहिली.

मित्रांनो, पाणी जरूर वाचवा. पण वाचवलेले पाणी कोणाच्या ओंजळीतले होते, तेवढे आधी विचारा.