रिकामी कळशी

छातीत कळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा आणि रोज अर्धा तास चाला. मिठाचं कुणाला कळलंही नाही. चालायला निघाले, तर पारावरून हाक आली, "आक्काबाई, काष्टीचा बाजार तर काल झाला, मंग आज कुठं?"

कामाशिवाय बाई रस्त्याला दिसलेली आमच्या गावाला खपत नाही.

सून वृषाली म्हणाली, "आत्या, हातात कळशी घ्या, मंग कोन बोलायचं न्हाई."

चार दिवस रिकामी कळशी मिरवली. आज ती पारावर बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या पुढ्यात आदळली.

"चाळीस वर्सं पानी वाहिलं, तवा कुनी इचारलं न्हाई कुठं निघालीस. आता मी माझ्या जिवासाठी चालनार. घरी येताना ही भरून आना."