सांधा गोठेपर्यंत

सोल्डर खोटं बोलत नाही. हे वाक्य नेव्हिल ट्रेझाईजचं, निवृत्तांच्या दुरुस्ती-शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक नवख्याला ऐकवलेलं, आणि त्यात फारसं तथ्य नाही. बिनशिशाचं सोल्डर उत्तम लागलं तरी आजारी दिसतं. पण हा थेंब शिशाचाच होता. लॉरी नित्शकेच्या टेबलावर, उघड्या टॉर्चच्या पोटात, तांब्याच्या चकतीवर बसलेला... लाल तार त्यात अलगद उतरलेली, कडेचा उतार असा की धातूने तो आपणहून पसंत केला असावा, आणि वर खिडकी — शेडची आख्खी खिडकी, बाहेरच्या निलगिरीसकट — त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या चकाकीत मावलेली.

सुंदर होता. ते ट्रेझाईजला लगेच कळलं, त्रास त्याचाच झाला.

कारण टॉर्च मार्लीनचा होता. त्याच्या बायकोचा. ती वॉलरूच्या जेटीवर माकूळ धरायला जाऊ लागली तेव्हा बाजारचे टॉर्च खाऱ्या वाऱ्यात एका हंगामात कुजायचे, म्हणून त्याने स्वतः अॅल्युमिनियम कातून हा बनवला होता, आणि तेव्हापासून दर रविवारी त्यातला सेल काढून, चार्ज करून, परत घालणं हे त्याचं काम, जसं काहींचं चर्चला जाणं असतं. मग तो इथे कसा? सकाळी टोस्टला लोणी लावताना ती एवढंच म्हणाली होती, दुपारी येते न्यायला. टॉर्चबद्दल अक्षर नाही. म्हणजे तिने तो लॉरीकडे दिला... कधी? गुरुवारी? गुरुवारी ती वाचनालयात असते. असं ती म्हणते.

लॉरी अॅडलेडहून आलेला, टेलिफोन खात्यातून निवृत्त, विधुर. त्याचं सोल्डरिंग आयर्न तापमानाचे अंश दाखवतं. चकतीवर दिवा बसवताना तो आयर्न लावतच नाही; जुन्या तव्यावर चकती खालून तापवतो, सोल्डर वितळलं की चिमट्याने दिव्याला हळूच टिचकी, आणि दिवा तरंगत आपल्या जागी परत येतो. बघणारे 'वा' म्हणतात. ट्रेझाईजही हेच करायचा, पण त्याला कोणी 'वा' म्हटल्याचं आठवत नाही. तेव्हा बघायला कोणी नव्हतं, हेही खरं. शिवाय लॉरी लॅमिंग्टन केक घरी करतो. खोबरं सगळीकडे सारखं लागलेलं. विधुराने इतकं नीट जगू नये.

माझे सोल्डरचे सांधे हल्ली गोळे होतात, ट्रेझाईज मनाशी म्हणाला. हात थरथरत नाही — उशीर करतो, एवढंच. डोळा सांगतो आणि हाताला ते थोडं थांबून ऐकू येतं. मार्लीनने ते पाहिलंय. काही बोलली नाही. मोडलेलं सगळं आजवर माझ्याकडे यायचं, किटली, रेडिओ, एकदा तिच्या बहिणीचं लग्नसुद्धा... आणि आता तिने ते न बोलणं उचलून सरळ या टेबलावर आणून ठेवलं. माझा सांधा उकरून काढायला लावला असेल. 'लॉरी, जरा नीट करून दे हो.' हो, असंच म्हणाली असेल. 'जरा.'

स्मोकोची, म्हणजे मधल्या सुट्टीची, हाक आली, सगळे चहाला बाहेर गेले. चष्मा शोधतो, असं ट्रेझाईज म्हणाला. चष्मा डोळ्यांवर होता.

सांधा गोठेपर्यंत तार हलवायची नाही, श्वाससुद्धा रोखायचा — हे तो पहिल्याच दिवशी शिकवतो. त्याने लॉरीचं आयर्न उचललं, राळ न लावता टोक थेंबावर टेकवलं. खिडकी वितळली. टोक काढलं, आणि धातू सुस्तावू लागला तशी त्याने तार नखाने किंचित हलवली. किंचितच. थेंब करडा झाला, खरबरीत, जुन्या दातासारखा. छातीत बरं वाटलं, अगदी स्वच्छ बरं. बघू आता जेटीवर कोण कुणाचं नाव घेतं ते.

लॉरी दोन कप घेऊन आत आला. एक त्याच्यासमोर ठेवला, दुधाचा, साखरेविना. त्याला कोणी सांगितलं?

"पाहिलंस ना शेवटी," लॉरी म्हणाला. "बोलू नकोस अशी ताकीद आहे मला. मार्लीनच्या शपथेवर गप्प होतो."

"काय केलंस त्यात?"

"काही नाही रे बाबा. सेल उलटा होता. तिला वाटलं टॉर्च गेला. म्हटलं सुलटा केला की झालं, तर म्हणते, नेव्हला सांगू नकोस, रविवारी त्यानेच घातलाय, मनाला लावून घेईल." त्याने चहा फुंकला. "आणि आत हात लावायचा नाही म्हणाली. नेव्हचं सोल्डरिंग आहे म्हणे. पण म्हाताऱ्या, मला राहवलं नाही, नुसतं बघायला उघडलं. इतक्या वर्षांचा सांधा आणि आरसा. मला नाही जमत असा."

ट्रेझाईजने कप उचलला. चहा बरोबर होता. म्हणजे तो माणूस... चाळिशीचा, श्वास रोखून लेथशेजारी वाकलेला, शेजारी मार्लीन दिवा धरून उभी... तिने जपून ठेवला होता तो तेव्हाचा नेव्ह, आताचा मी नाही. ज्याच्यावर सकाळपासून जळत होतो तो लॉरी नव्हताच. आणि गंमत अशी की जळणं थांबलं नाही. नुसता पत्ता बदलला. त्याचे हात किती स्थिर होते, हरामखोराचे.

बाहेर मार्लीनच्या गाडीचा दरवाजा वाजला. लॉरीने घाईने, आत न बघता, टॉर्चचं डोकं फिरवून बसवलं, कापडाने पुसलं आणि ट्रेझाईजच्या हातात दिला. तूच दे तिला.

मार्लीनने दोघांकडे पाहिलं, मग बटण दाबलं.

सेल सुलटा होता. टॉर्च लागला नाही.