सैल स्क्रू आणि लाल चिठ्ठी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. अशी कल्पना करा, की तुमच्या पोटातला एक स्क्रू सैल झाला आहे. जरा हललं की तो कुरकुरतो. भोवतीचे सगळे तुमच्याकडे कौतुकानं पाहताहेत आणि तुम्हाला सांगायला तोंडच नाही. जीव नुसता कासावीस होईल ना? मार्च २०१४ मधला एक अख्खा आठवडा मी तसा काढला.

मी एक जुनी एअर रायफल आहे. सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या एका नेमबाजी क्लबात माझं आयुष्य गेलं. माझ्या कुशीला एक लांब लिव्हर आहे. ती मागे ओढली की पोटातली स्प्रिंग दबते. मग छर्रा ठेवायचा, लिव्हर जागेवर न्यायची आणि चाप ओढायचा. लिव्हरच्या शिकारी रायफली या माझ्या दूरच्या बहिणी. त्यांची लिव्हर मुठीखाली असते आणि एका झटक्यात पुढची गोळी नळीत चढवते. रानात घेऊन फिरायच्या म्हणून त्या हलक्या आणि आटोपशीर. शंभर पावलांवर त्यांच्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या तरी लोक खूश असतात. मला मात्र दहा मीटरवरच्या कागदावर पूर्णविरामाएवढा ठिपका गाठायचा असतो.

त्यासाठी माझ्या कारागिरानं फार कष्ट घेतले. नळीच्या आत सारखे पीळ पाडले, म्हणजे छर्रा गिरकी घेत सरळ जाईल. नळीच्या तोंडाची कड त्यानं इतकी घासली, की बोट फिरवलं तरी खरखर लागू नये. मग अक्रोडाच्या दस्त्यात मला दोन स्क्रूंनी बसवलं आणि अंगठ्यानं सांधा दाबून पाहिला. एकदा नाही, सात-आठ वेळा! तेव्हा मला तो माणूस चक्रम वाटला होता. नळी कितीही सरळ असली, तरी ती दस्त्यात हलू लागली की छर्रे भलतीकडेच जातात, हे मला पुढे कळलं.

माझेही दिवस होते. माझ्यावर सराव केलेल्या दोघींची पदकं अजून क्लबाच्या काचेच्या कपाटात आहेत. मग हवेच्या नळकांड्यांवर चालणाऱ्या नव्या रायफली आल्या आणि मला मुलांच्या फळीवर ठेवलं. बाहेर दमट हवा, आत एसी. लाकूड फुगे आणि आकसे. वर लिव्हरचे रोज शंभर हिसके. स्क्रू सैल होणारच.

त्यावर आमच्या रायफली दुरुस्त करणाऱ्या लिम अंकलनी एक युक्ती काढली होती. हत्यारखान्याच्या दाराशी लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा टांगलेला असे. ज्याला काही बिघाड जाणवेल त्यानं चिठ्ठी लिहून रायफलीला बांधायची: काय झालं, कधी लक्षात आलं, सही. मग ती रायफल आठवडाभर दुरुस्तीला जाई; स्पर्धा किंवा निवड असेल त्या दिवशी मात्र अंकल ती तिथल्या तिथे दुरुस्त करत. बिघाड ऐन स्पर्धेत उघडकीला आला, तर त्या नेमबाजाला पुन्हा पाळी मिळे. पण आधीपासून माहीत असून जो गप्प बसला, त्याला मिळत नसे. “नो टॅग, नो प्रॉब्लेम,” अंकल म्हणत; चिठ्ठी नाही म्हणजे बिघाड नाही. मुलांवर त्यांचा एवढा विश्वास!

अश्लेषा तेरा वर्षांची. दर शनिवारी सेरंगूनहून बाबांबरोबर एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं यायची. तिचे बाबा, प्रबोध, काचेमागे लॅपटॉप उघडून बसायचे. तिला मीच हवी असे. शालेय संघात एकच जागा उरली होती आणि त्या जागेसाठी दोघी होत्या, ती आणि तिची मैत्रीण अवनी. दोघींच्या हाताला बसेल अशी मी एकटीच. म्हणून आठ मार्चच्या निवडीत आधी अश्लेषा आणि मग अवनी, दोघी माझ्यानंच नेम धरणार होत्या.

एक मार्चला सरावात मी पहिल्यांदा कुरकुरले.

“तुझी म्हातारी खोकते ला!” अवनी हसली. इथली मुलं वाक्याच्या शेवटी हमखास ‘ला’ लावतात.

“तूच म्हातारी! एसीचा आवाज आहे तो,” अश्लेषा म्हणाली.

पण अवनी पाणी प्यायला गेल्यावर तिनं माझ्या दस्त्यावर अंगठा ठेवला. अगदी त्या कारागिरासारखा! मी हलले. तिला ते कळलं. तिची नजर लाल चिठ्ठ्यांकडे गेली आणि परत आली. चिठ्ठी बांधली असती तर मी दुरुस्तीला गेले असते आणि तिचा आठवड्याचा सराव बुडाला असता. तिनं मला गुपचूप फळीवर ठेवलं.

तो आठवडा मला सरता सरेना. निवड जवळ आली म्हणून मंगळवारीही सराव, गुरुवारीही सराव. प्रत्येक हिसक्याला स्क्रू केसभर फिरे. अगं, सांग ना कुणाला तरी!

आठ मार्चला चाळीस छर्रे होते. तीस नीट गेले. एकतिसावा डावीकडे पडला, बत्तिसावा खाली. अश्लेषानं नेम जुळवायची चकती दोन खटके फिरवली, तर पुढचा उजवीकडे गेला. तिच्या तळहाताचा घाम माझ्या लाकडाला लागत होता. एरवी तिचे चारशेपैकी तीनशे सत्तर व्हायचे, त्या दिवशी तीनशे एकावन्न झाले. बाबांनी काचेमागून अंगठा वर केला. तिनं पाहिलंच नाही.

“चल, आण इकडे तुझ्या म्हातारीला,” अवनीनं हात पुढे केला.

अश्लेषानं मला सोडलं नाही. आपण गप्प राहिलो तर अवनीचेही छर्रे असेच भरकटतील, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिनं हात वर केला.

“नीताताई, हिला टॅग लावायचाय. दस्ता हलतोय.”

आमच्या प्रशिक्षक नीताताई धावत आल्या. त्यांनी सांधा दाबून पाहिला. “अगं बाई! केवढा सैल झालाय! तरीच म्हटलं, शेवटच्या दहाला तुला झालं काय! आत्ता लक्षात आलं ना तुझ्या? मग काळजी नको. अंकल दुरुस्त करतील आणि तुला पुन्हा पाळी मिळेल. चिठ्ठी लिही.”

“वा, लकी आहेस!” अवनी म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती.

मित्रांनो, एक मार्चचा तो अंगठा फक्त दोघींना ठाऊक होता. त्यातली मी मुकी. आम्हा वस्तूंचं दुखणं आमच्याजवळच राहतं. ते ज्याच्या हाताला कळतं, त्यानंच आमच्या वतीनं बोलायचं असतं. आणि जमलं तर वेळेवर.

अश्लेषानं लाल चिठ्ठी माझ्या दस्त्यावरच ठेवली. ‘काय झालं’ पुढे तिनं भरभर लिहिलं. ‘कधी लक्षात आलं’ पुढे पेन थांबलं. मला त्याचं टोक चिठ्ठीतून लाकडाला टोचत होतं. तिनं काचेकडे पाहिलं, मग अवनीकडे.

मग तिनं ‘एक मार्च’ असं लिहिलं, खाली सही केली आणि दोऱ्याची गाठ दोनदा ओढून पक्की केली.