तांबड्यात हिरवा

केदारचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. साल २००४. अमेरिकेत, टेक्सासातल्या अर्विंगमधल्या त्यांच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये त्याच्या बायकोचं, राधिकाचं, डोहाळजेवण होतं आणि हा पठ्ठ्या दिव्यांच्या वायरी उगाचच सोडून पुन्हा जोडत होता. मागच्या वेळी पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. यंदा सातवा लागला, तरी राधिका पाळण्याचं नाव काढू देईना. केदार मात्र "काही होत नाही गं" म्हणत शूरवीरासारखा मिरवायचा.

कुंकवाचा शुभ रंग म्हणून त्याने भाड्याने तांबडा दिवा आणला होता. जोडीला हिरवाही आला होता.

हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने घालून राधिका सजवलेल्या खुर्चीत बसली. ओटी भरायला कांचनकाकू उठल्या. आयुष्यभर इथे डॉक्टरकी केलेली बाई, पण शकुनाला पक्की. केदारने ट्यूबलाइट घालवून तांबडा दिवा लावला.

साडी काळी पडली. चुडाही काळा.

"अगं बाई, डोहाळजेवणाला काळं!" काकूंचा नारळ हातातच राहिला. राधिका पदराकडे बघतच राहिली आणि केदारने दाराकडे पाहिलं. ट्यूबलाइटचं बटण दाराशी, मध्ये बायकांची गर्दी. हाताशी होतं फक्त हिरव्या दिव्याचं बटण.

"हिरवा नको लावूस रे!" काकू ओरडल्या. "तांबड्यात हिरवा मिसळला की चिखल होतो. रांगोळीत बघते ना मी!"

रांगोळीचं खरंच होतं. पण केदार ऑफिसात दिवसभर वेबसाइटचे रंग जुळवायचा. स्क्रीनवर तांबडा नि हिरवा उजेड एकत्र आला की पिवळा होतो, हे त्याला पाठ होतं. हिरवं कापड हिरवाच उजेड परत देतं, आणि तांबड्या दिव्यात तो नव्हताच. एवढं कळूनही त्याचं बोट बटणावरून दोनदा मागे आलं. त्याने बटण दाबलं.

भिंती हळदीसारख्या पिवळ्या झाल्या. साडी पुन्हा हिरवीगार. काकूंनी घाईघाईने ओटी भरली आणि बायकांनी गाणं सुरू केलं.

केदार खुर्चीपाशी आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

"साडी काळी झाली तेव्हा घाबरलास ना?" राधिकाने हळूच विचारलं.

"खूप."

"मग इतके महिने मला एकटीलाच का घाबरू दिलंस?"

तो तिच्या पायाशी खालीच बसला.

"मी रोज घाबरतो गं," तो म्हणाला.