आदल्या रात्रीची लाइट

भंगारात येणारे सेल बहुतेक मेलेलेच असतात. भरत जुन्नरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, त्याला हे अनुभवाने माहीत होतं. रखमाजी भंगारवाल्याकडून आणलेली इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी त्याने निमगाव साव्याच्या घरी, पडवीत बसून फोडली. पहिल्या सेलला मीटर लावला आणि आकडा पाहून मीटरच बिघडला असं त्याला वाटलं. दुसरा सेल तसाच. तिसराही. सगळे जवळजवळ काठोकाठ भरलेले.

"कुणीतरी आदल्या रात्री चार्जिंगला लावलेली दिसती," तो वडिलांना म्हणाला. "अन् मंग चालवलीच न्हाई."

हौशीराम खाटेवर बसून मशीनची वाफ घेत होते. खडी क्रशरवर उभं आयुष्य गेलं आणि छातीत धूळ राहिली. दिवसातून दोनदा वाफ लागायची. लाइट गेली की मशीन बंद, आणि मग ते उंबऱ्यावर तोंड उघडं टाकून बसून राहायचे. विकतचा इन्व्हर्टर आवाक्यातला नव्हता, म्हणून भरत स्वतःच एक बनवत होता. सेल ओळीत जोडायचे, ते जास्त उतरू नयेत म्हणून वर एक सर्किट-पट्टी, छोटा इन्व्हर्टर, आणि हे सगळं रंगाच्या रिकाम्या बादलीत. कडी धरून कुठेही नेता यावं असं.

जुना सेल भरलेला दिसला म्हणून चांगला असतो असं नाही. तो एकदा पुरता रिकामा करून बघावा लागतो, किती टिकतो ते. भरतने सेल टोमॅटोच्या दोन क्रेटमध्ये वाटून घेतले होते. शनिवारपर्यंत पहिल्या क्रेटमधले रिकामे करून झाले. दुसऱ्यातले आले तसेच होते. बॅटरीच्या पत्र्याची एक बाजू आत चेपलेली होती. त्याबद्दल त्याने रखमाजीला विचारलं नव्हतं आणि रखमाजीनेही सांगितलं नव्हतं.

रविवारी रखमाजीचा फोन आला.

"तुझ्या सेलांना वारस निघालाय, राव. शिनोलीची बाई हाय. पोरगं गेलं तिचं त्या गाडीवर. पत्ता मागत व्हती, दिला."

हे आधी का सांगितलं नाही, असं भरतने विचारलं. सांगितलं असतं तर तू घेतले नसतेस, असं म्हणून रखमाजीने फोन ठेवला. हौशीरामांनी सगळं ऐकलं होतं. मेलेल्या पोराच्या लाइटवर आपल्याला दम घ्यायला लावतोस का, एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

लंकाबाई दुपारच्या एस्टीने आल्या. पन्नाशीच्या, हातात एक पिशवी. पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या, बसा म्हटलं तर तेही नको म्हणाल्या. उभ्या उभ्याच त्यांनी सांगायला सुरुवात केली. हे सगळं त्यांनी बऱ्याच जणांना सांगून झालेलं असावं, कारण कुठेही अडखळल्या नाहीत.

त्यांचा मुलगा ऋषी मंचरला एका कंपनीत पहिल्या पाळीला जायचा. जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळी घरी आला तेव्हा म्हणाला, बॅटरी संपत आली, एकच काडी उरलीय, उद्या एस्टीने जातो. जेवला आणि झोपला. पण पहाटेची एस्टी उशिरा येते आणि उशीर झाला की कंपनीतला साहेब गेटवरूनच परत पाठवतो, हे लंकाबाईंना ठाऊक होतं. म्हणून झोपण्याआधी त्यांनीच वायर ओसरीवर आणून गाडी चार्जिंगला लावली. तिथलं सॉकेट ढिलं होतं. कधी धरायचं, कधी नाही. कुठला दिवा लागला म्हणजे चार्जिंग सुरू, हे त्यांना माहीत नव्हतं. रोज चार हाका मारल्याशिवाय न उठणारा मुलगा त्या दिवशी त्यांच्या आधी उठला आणि स्कूटर घेऊन गेला. घोडेगावच्या अलीकडे, धुक्यात, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला.

लोकांनी धुक्याला दोष दिला, ट्रॉलीवाल्याला दिला, वेळेला दिला. अपघाताची वस्तू दारात नको म्हणून दिराने स्कूटर भंगारात देऊन टाकली. लंकाबाईंना मात्र एकच गोष्ट हवी होती आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. सॉकेटने धरलंच नसेल, तर ऋषी उरलेल्या काडीवर घोडेगावच्या स्टँडपर्यंत निघाला असणार. तिथे गाडी लावून पुढे एस्टीने. असं त्याने पूर्वीही केलं होतं. मग तो त्या दिवशी स्कूटरवर जाणारच होता, आईने काहीही केलं असतं तरी. पण बॅटरी भरलेली असेल, तर त्याने ती भरलेली बघितली आणि एस्टीचा बेत सोडला.

"मंग ती गाडी मी त्याच्या हातात दिली," त्या म्हणाल्या. "तुमी मीटर लावला आसंल, भाऊ. किती व्हती?"

भरतने क्षणभर हातातल्या मीटरकडे पाहिलं.

"थोडीच व्हती, मावशी. एखादी काडी."

खाटेवर हौशीरामांनी कूस बदलली.

लंकाबाई तेव्हा पहिल्यांदा खाली बसल्या. भिंतीला पाठ टेकली. भरतने चहा ठेवला तर नाही म्हणाल्या नाहीत. कप रिकामा करून त्यांनी विचारलं, ती थोडी अजून आहे का त्यात. आहे, असं भरतला म्हणावं लागलं.

"मंग तेवढी माज्यासमोर जळू दे. बघते अन् जाते."

भरत आत गेला. दोन्ही क्रेट शेजारी शेजारी होते. त्याने पहिला उचलला, रिकाम्या सेलांचा. रात्रभर पडून राहिलेले रिकामे सेल एक छोटा बल्ब थोडा वेळ पेटवू शकतात. त्याने एक ओळ जोडली, वर सर्किट-पट्टी लावली, बारा व्होल्टचा बल्ब अडकवला आणि सगळं पालथ्या बादलीवर ठेवलं. बल्ब लागला. लंकाबाईंनी हात जोडले. थोड्या वेळाने तो मंद वगैरे न होता एकदम विझला.

"गेला," त्या म्हणाल्या. पदर सारखा केला, पिशवी घेतली, दारात जाऊन पायात चपला सरकवल्या.

मागे बल्ब आपोआप लागला.

त्या तशाच थांबल्या. बल्ब विझला. हौशीराम उठून बसले. मग तो पुन्हा लागला, आधीपेक्षा कमी वेळ, आणि पुन्हा विझला.

लंकाबाईंनी चपला काढल्या. घाबरल्यासारख्या दिसत नव्हत्या. ओळखीचं कुणी वाटेत दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"आसंच करायचा. हाक मारली की उठलो म्हणायचा, अन् परत झोपायचा." त्या बादलीपाशी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ऊठ रं. एस्टी जाईल."

बल्ब लागला.

भरतला ते बघवेना. "मावशी, तसं काई न्हाई त्यात," तो म्हणाला. "रिकामा सेल जरा पडून राहिला की त्याच्यात थोडा जोर येतो. पट्टी परत लाइट सोडती. ह्ये मी काल रिकामे केलेत, म्हणून..."

पुढचं वाक्य त्याने गिळलं. उशीर झाला होता.

"तुमी केले?" लंकाबाईंनी विचारलं.

उत्तर हौशीरामांकडून आलं, श्वास सांभाळत, एकेक शब्द.

"दुसरं क्रेट आण. बाईला खरं ते दाव."

भरतने दुसरा क्रेट आणला. एक सेल घेऊन त्यांच्यासमोर मीटर लावला. लंकाबाईंना आकड्यात काही कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, तोंडाने सांगा.

"भरलेली व्हती. पुरी."

त्यांनी मान हलवली, कुणी एस्टीची वेळ सांगावी आणि ती ऐकून घ्यावी तशी. मग म्हणाल्या, "म्हंजे धरलं व्हतं सॉकेटनं." रडल्या नाहीत. या दुसऱ्या क्रेटमधले सगळे सेल मला द्या, बल्बसकट, असं त्यांनी सांगितलं. भरतने ते रंगाच्या बादलीत बसवले, बल्ब वर घेतला. चार्जिंगची पिन तो जोडायला लागला तर त्यांनी त्याचा हात धरला.

"ह्यात परत भरायची न्हाई."

संध्याकाळच्या एस्टीत खिडकीपाशी त्या बादली मांडीवर घेऊन बसल्या. भरत सोडायला आला होता. बल्ब चालू होता. दिव्याचंही तिकीट काढायचं का, असं कंडक्टरने गमतीने विचारलं. त्याचा पास हाय, लंकाबाई म्हणाल्या. मागच्या सीटवरचे दोघे हसले. एस्टी वळणाला गेली तरी त्या एका खिडकीत उजेड दिसत होता.

दोन दिवसांनी लाइट गेली. पहिल्या क्रेटमधले सेल भरतने पुन्हा भरले होते आणि दुसऱ्या एका बादलीत बसवले होते. हौशीरामांनी मशीनची नळी तोंडाला लावली.

लंकाबाईंचा फोन रोज संध्याकाळी यायचा. चालू हाय, एवढंच सांगायच्या. बल्ब केवढा, सेल किती, हे भरतला माहीत होतं. त्या हिशेबाने तो आठवडाभर चालायला हवा होता. आठवडा संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मधेमधे झोपतो. पण उठतो." हेही भरतला अपेक्षित होतं. विझणं आणि लागणं यातला वेळ वाढत जातो आणि एकदा तो लागतच नाही. तसं त्यांना आधी सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण सांगितलं नाही. तो शेवटच्या फोनची वाट बघू लागला.

टोमॅटोचा तोडा संपला. शेतातले बांबू आणि तारा काढून झाल्या. कुठल्याही हिशेबाने त्या बादलीत आता काही उरलेलं नव्हतं.

तरी कालही फोन आला.

"आज एकदाच उठला," लंकाबाई म्हणाल्या. "मी हाक मारली तवा."

भरत बरं म्हणाला. फोन खिशात ठेवला तरी तो पडवीतच उभा राहिला. आतून हौशीरामांनी विचारलं, विझला का. भरत नाही म्हणाला.