ल्युबिंकाच्या उकिरड्यातली गांडुळं

तिसा नदीकाठच्या त्या गावात मासेमारीच्या शर्यतीत पहिला कोण आला, हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नसे. शेवटचा कोण, ते मात्र वर्षभर आठवे. कारण शेवटच्याने फुलाफुलांचा एप्रन बांधून गावजेवणाच्या रश्श्याचा कांदा सोलायचा, आणि तिथला रस्सा म्हणजे जेवढा मासा तेवढा कांदा. विटोमिर सलग सहा वर्षं कांदा सोलत होता.

सहाही वर्षं त्याने ते हसण्यावारी नेलं. यंदा मात्र ते जमेना. लेक यागोदाच्या होणाऱ्या सासरची मंडळी नेमकी त्याच दुपारी पहिल्यांदा येणार होती. व्याह्यांची पहिली भेट, आणि आपण एप्रनमध्ये, डोळ्यांतून धारा. या विचाराने त्याचं जेवणावरचं मन उडालं.

"अरे, दोष तुझ्या गांडुळांचा आहे," शर्यतीचा पंच गाव्रा म्हणाला. "तुझी ती बागेतली, जाडी, फिकट. पाण्यात गेली की धुतलेल्या मोज्यासारखी लोंबतात. शेणातलं तांबडं, पट्टेवालं लाव. चिमटलं की असा पिवळा रस सुटतो, माणूस लांब पळतो आणि मासा धावत येतो."

बागेतलं गांडूळ ही विटोमिरच्या बापाची शिकवण. पण गरजवंताला अक्कल नसते. तो ल्युबिंकाच्या दारात गेला. गावात गाई राहिल्या होत्या त्या या एका विधवेकडे, त्यामुळे उकिरडाही तिचाच.

"उकिरडा नुसता उकरायला मी कुणाला देत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "पण तुम्ही काय परके? खत उचला, बटाट्याच्या वाफ्यात न्या, हातभर खोल खणून मिसळा. त्यात सापडतील ती गांडुळं तुमची. मात्र कुठे बोलू नका. तुम्ही आहात म्हणून हो."

विटोमिर तीन दिवस राबला. तळव्यांना फोड आले, कंबर धरली, पण डबा भरला. चौथ्या दिवशी, म्हणजे शर्यतीच्या रविवारी, त्याने नदीकाठी बसून झाकण उघडलं. वास आला. पण तो डाव्या बाजूनेही आला आणि उजव्या बाजूनेही.

काठावर तेरा माणसं होती, तेरा डबे होते, सगळ्यांत तीच तांबडी पट्टेवाली वळवळत होती, आणि गळ धरताना सगळेच कण्हत होते.

"टोमॅटो?" विटोमिरने शेजाऱ्याला हळूच विचारलं.

"मिरची," शेजारी म्हणाला. "तू?"

"बटाटे."

ल्युबिंका झाडाखाली मोजे विणत बसली होती. तिने दोघांना मान डोलावून नमस्कार केला.

आमिष सगळ्यांचं सारखं झालं, तेव्हा निकालही दरवर्षीचाच लागला. विटोमिरला तळहाताएवढा एक मासा मिळाला. एप्रनची गाठ बांधताना त्याला हरल्याचं एवढं वाटलं नाही. बापाची गांडुळं सोडून हरलो, याचं फार वाटलं.

दहावा कांदा सोलत असताना व्याही आले. स्ताम्को नाव, मोठ्या मिशा, कडक इस्त्रीचा सदरा. त्यांनी एप्रनकडे पाहिलं, कांद्याच्या ढिगाकडे पाहिलं. यागोदाने लाजून तोंड फिरवलं. विटोमिर सुरी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

स्ताम्कोंनी कोट काढून फांदीला अडकवला आणि शेजारच्या पाटावर बसकण मारली.

"कितवं वर्ष?" त्यांनी विचारलं.

"सातवं."

"आमच्या गावीही हीच रीत. माझं अकरावं झालं." त्यांनी दुसरी सुरी उचलली आणि एका दमात अख्खं साल उतरवलं. असा सराईत हात विटोमिरने आजवर पाहिला नव्हता. "गळाला काय लावता?"

"बागेतली. जाडी."

"मीही तीच. लोकांना कळत नाही."

विटोमिरला राहवेना. "यंदा मी ती सोडली, व्याही. शेणातली लावली."

स्ताम्कोंनी कांदा खाली ठेवला. मग सुरीही ठेवली.

"पहिल्या भेटीतच खरं सांगितलंत, म्हणून सोयरीक मोडत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण पुन्हा असं करू नका."