कुंडीतलं सफरचंद

शोभेच्या सफरचंदाचं ते रोप युट्रेख्टमधलं हे घर घेतलं तेव्हा मीच हौसेने आणलं होतं. दर वसंतात मी नवऱ्याला, सारंगला म्हणायचे, "आता हे जमिनीत लावू या." तो म्हणायचा, "नको गं, मुळं घराच्या पायात शिरतील. कुंडीतच बरं." आणि मी आपली आणखी मोठी कुंडी आणायची. अक्कल गहाण टाकली होती ना!

यंदा झाड बोरांएवढ्या लालबुंद फळांनी लगडलं. फळं आंबट-तुरट, म्हणून मी त्यांचं कैरीसारखं लोणचं घातलं आणि एक बरणी शेजारच्या हानेकेला द्यायला गेले. ती म्हणाली, "झाड आत्ताच नेऊ, की जानेवारीत तुम्ही पुण्याला परत गेल्यावर? सारंगने दिलंय मला. कुंडीत आहे, सहज उचलता येईल, असं तोच म्हणाला."

बरणी तिथेच आपटावीशी वाटली. ह्याच्या नोकरीपायी मी पुण्यातली माझी नोकरी सोडली, इथे येऊन डच शिकले, शाळेत कामाला लागले. आणि आपण परत जातोय हे मला शेजारणीने सांगायचं?

संध्याकाळी सारंग सायकल घेऊन मागच्या दाराने आला, तेव्हा बागेत कुंडीची खापरं पडली होती आणि मी झाडाच्या बुंध्याशी माती दाबत होते.

"अगं, हे काय केलंस? आपल्याला तर..." तो अडखळला.

"आपल्याला नाही, तुला," मी हात झटकत म्हटलं. "तिकीट एकच काढ."